हृदय धडधडते आहे, मग माणूस गेला कसा? मेंदू, ओळख आणि आत्मा

रस्त्यावरची वाहतूक थांबवून, ‘ग्रीन कॉरिडॉर’ करून, एका शहरातून दुसऱ्या शहरात हृदय किंवा यकृत नेल्याची बातमी आता मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांना नवीन राहिलेली नाही. या बातमीत एक वाक्य हमखास असते: डॉक्टरांनी रुग्णाला ‘ब्रेन डेड’ घोषित केले आणि नातेवाइकांनी अवयवदानाला संमती दिली. वाचणारा इथेच अडखळतो. ज्याचे हृदय धडधडते आहे, ज्याचे अंग उबदार आहे, ज्याची छाती वरखाली होते आहे, तो मेला असे म्हणायचे कसे? आणि मेंदू थांबला म्हणून तो मेला असेल, तर तो माणूस मेंदूतच राहत होता असे समजायचे का? मग आत्म्याचे काय?

हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक गोंधळ ते एकत्र कालवल्यामुळे होतो. पहिला प्रश्न वैद्यकाचा आणि कायद्याचा आहे. दुसरा ओळखीचा आहे, म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा ‘मी’ आणि आजचा ‘मी’ एकच आहेत हे कशाच्या आधारावर ठरते, याचा. तिसरा आत्म्याचा आहे. माझ्या मते पहिल्याचे उत्तर पुष्कळसे पक्के आहे, दुसऱ्याचे अर्धेमुर्धे हाती आले आहे, आणि तिसऱ्याबाबत विज्ञान जे सांगू शकते ते श्रद्धाळू व अश्रद्ध अशा दोन्ही बाजूंच्या उत्साही मंडळींना वाटते त्यापेक्षा बरेच कमी आहे, पण अगदीच शून्य नाही.

हृदय चालू असताना मृत्यू कसा?

धडधडण्यासाठी हृदयाला मेंदूच्या आज्ञेची गरज नसते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो आणि तो स्वतःच विजेचे स्पंदन निर्माण करतो. श्वासाचे मात्र तसे नाही. श्वास घेण्याची आज्ञा मेंदूच्या देठातून, म्हणजे मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या भागातून येते. हा देठ मेला की श्वास थांबतो, प्राणवायू मिळेनासा होतो आणि काही मिनिटांत हृदयही थांबते. हजारो वर्षे हा क्रम इतक्या वेगाने पूर्ण होत असे की मेंदू आधी मेला की हृदय, असा प्रश्न विचारण्याचे कोणाला कारणच नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यावर व्हेंटिलेटर आला आणि श्वासाचे काम यंत्राकडे सोपवता येऊ लागले. तेव्हा प्रथमच अशी शरीरे डॉक्टरांसमोर आली, ज्यांतला मेंदू पूर्णपणे व कायमचा संपलेला होता आणि हृदय मात्र यंत्राने पुरवलेल्या प्राणवायूवर आपले काम करत राहिले होते.

या अवस्थेला व्याख्या मिळण्याआधीच शस्त्रक्रिया पुढे गेल्या होत्या. केप टाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी माणसातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. त्यानंतर तीन महिने व्हायच्या आतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. मेंदूचा मृत्यू कसा ओळखावा याचे निकष हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मांडले ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, आणि भारतात त्याला कायद्याचा आधार मिळाला तो १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने. हा कायदा फेब्रुवारी १९९५ मध्ये ज्या राज्यांत सर्वप्रथम लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन राज्ये होती.

कायद्यानुसार हा निर्णय एकटा डॉक्टर घेऊ शकत नाही. चार डॉक्टरांचे मंडळ तपासणी करते आणि किमान सहा तासांच्या अंतराने ती पुन्हा केली जाते. डोळ्यांत प्रकाश टाकल्यावर बाहुली आकसते का, बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी हलते का, कानात थंड पाणी सोडल्यावर डोळे फिरतात का, घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का, हे पाहिले जाते. सर्वांत महत्त्वाची चाचणी श्वासाची असते. प्राणवायूचा पुरवठा चालू ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटे अलग करतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. श्वासासाठी याहून मोठी चेतावणी शरीरात दुसरी नाही. तरीही छाती हलली नाही, तर देठ मेलेला आहे.

कोमातले लोक शुद्धीवर येतात, मग इथे चूक होणार नाही का?

ही शंका रास्त आहे, कारण बातम्यांमध्ये कोमा, ‘व्हेजिटेटिव्ह’ अवस्था आणि मेंदूमृत्यू हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. कोमामध्ये मेंदू जिवंत असतो, पण जागा होत नाही. ‘व्हेजिटेटिव्ह’ अवस्थेत देठ शाबूत असतो, त्यामुळे रुग्ण स्वतः श्वास घेतो, झोपतो, डोळे उघडतो, पण त्याला भोवतालची जाणीव असल्याची खूण मिळत नाही. महाराष्ट्राला हा फरक अरुणा शानबाग यांच्यामुळे माहीत असायला हवा. केईएम रुग्णालयातील या परिचारिका १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्याच रुग्णालयात होत्या आणि तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मधील निकालात स्पष्ट म्हटले की त्या यंत्राशिवाय श्वास घेत होत्या आणि मेंदूमृत नव्हत्या.

जाणिवेची खूण न मिळणे म्हणजे जाणीव नसणे असेही नाही. मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एका तरुण रुग्णेचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपघातानंतर ती पाच महिने ‘व्हेजिटेटिव्ह’ अवस्थेत होती. स्कॅनरमध्ये असताना तिला टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितले, तेव्हा निरोगी माणसाच्या मेंदूत हालचालींची आखणी करणारा जो भाग उजळतो तोच तिच्या मेंदूत उजळला. घरातल्या खोल्यांमधून फिरत असल्याची कल्पना करायला सांगितले, तेव्हा दुसरे भाग उजळले. म्हणजे ती ऐकत होती, समजत होती आणि सांगितलेले करत होती. मेंदूमृत व्यक्तीच्या बाबतीत असे काही घडण्याची शक्यता उरत नाही, कारण तिच्या मेंदूचे काम कायमचे थांबलेले असते. अशा व्यक्तीचा हात किंवा पाय कधीकधी हलतो आणि नातेवाइकांना धक्का बसतो, पण ती हालचाल मज्जारज्जूतून आलेली प्रतिक्षिप्त क्रिया असते.

‘मी’ हृदयात की मस्तकात?

मेंदूला हा मान मिळाला तो अलीकडे. प्राचीन इजिप्तमध्ये शवाचे जतन करताना मेंदू नाकावाटे काढून टाकून देत आणि हृदय मात्र जपून आत ठेवत. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते बुद्धी आणि भावना हृदयात होत्या, मेंदूचे काम रक्त थंड करण्याचे होते. त्याच्याआधीच्या हिपोक्रॅटिक वैद्यांनी मात्र सुख, दुःख, विचार आणि वेड हे सगळे मेंदूतूनच येते असे लिहून ठेवले होते. आपल्याकडेही हाच दुभंग दिसतो. उपनिषदांतला अंगठ्याएवढा पुरुष हृदयात वसतो, चरकसंहिता चेतनेचे स्थान हृदय मानते, पण मस्तकाला ‘उत्तमांग’ म्हणून प्राण व सर्व इंद्रिये यांचा आश्रयही म्हणते. भेलसंहिता तर मन मस्तक आणि टाळू यांच्या मध्ये असल्याचे सांगते.

या वादावरचा सर्वांत नेमका विचारप्रयोग मला ‘वेताळपंचविशी’त सापडतो. देवीपुढे एका स्त्रीचा नवरा आणि भाऊ या दोघांनी आपापली शिरे अर्पण केली. देवी प्रसन्न झाली, पण घाईघाईत त्या स्त्रीने एकाचे शिर दुसऱ्याच्या धडाला लावले आणि दोघेही जिवंत झाले. आता तिचा नवरा कोणता? विक्रमाने उत्तर दिले की ज्याच्या धडावर नवऱ्याचे शिर आहे तो, कारण अवयवांत शिर मुख्य आहे आणि ओळख त्यावरच अवलंबून असते. अकराव्या शतकात सोमदेवाने संस्कृतात लिहून ठेवलेल्या या उत्तराशी आजचे बहुतेक तत्त्वज्ञ सहमत होतील. १९७० मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रॉबर्ट व्हाइट यांनी एका माकडाचे डोके दुसऱ्या माकडाच्या धडावर बसवले. असे प्राणी थोडाच काळ जगले; ते पाहत होते, चावायला धावत होते, पण मज्जारज्जू जोडता न आल्याने मानेखाली लुळे होते. वृत्तपत्रांनी याला डोक्याचे प्रत्यारोपण म्हटले. विक्रमाच्या तर्काने पाहिले तर ते धडाचे प्रत्यारोपण होते.

हृदयाची बाजू कशी पडली, हे १९८२ च्या डिसेंबरमध्ये सर्वांना दिसले. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे बार्नी क्लार्क या दंतवैद्यांचे हृदय काढून त्या जागी पूर्णपणे कृत्रिम हृदय बसवण्यात आले. यानंतर त्यांना माझ्यावर प्रेम करता येईल का, असे त्यांच्या पत्नीने डॉक्टरांना विचारल्याचे तेव्हा बरेच छापून आले होते. ते ११२ दिवस जगले आणि शुद्धीवर असताना पत्नीला ओळखत होते, बोलत होते. नैसर्गिक हृदय मिळालेल्या काही रुग्णांना दात्याच्या आवडीनिवडी आल्याच्या कहाण्या समाजमाध्यमांवर फिरतात. हृदयात स्वतःच्या हजारो चेतापेशी असतात हे खरे, पण मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी असतात. शिवाय प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी स्टेरॉइडसारखी औषधे भूक आणि मनःस्थिती बदलतात, आणि मृत्यूच्या दारातून परतलेला माणूस तसाही पूर्वीसारखा राहत नाही. या कहाण्यांसाठी हृदयात स्मृती मानण्याची गरज पडत नाही.

मेंदूत असेल, तर मेंदूत कुठे?

सतराव्या शतकात रेने देकार्त यांनी यासाठी एक बिंदू निवडला होता. मेंदूचे बहुतेक भाग डावे-उजवे असे जोडीने असतात, पण मधोमध असलेली पिनिअल ग्रंथी एकटीच असते. म्हणून जडाहून भिन्न असलेला आत्मा तिथूनच शरीर चालवतो, असे त्यांचे म्हणणे. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्ये त्यांना पत्राने विचारले की ज्याला वजन नाही, आकार नाही, असा आत्मा शरीराला ढकलतो कसा? देकार्त यांना याचे समाधानकारक उत्तर शेवटपर्यंत देता आले नाही. पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन तयार करून झोपेच्या वेळा सांभाळते, एवढेच पुढे निष्पन्न झाले.

एका बिंदूऐवजी अनेक भागांचे कार्य असते, हे ज्या रुग्णांमुळे कळले त्यांत हेन्री मोलेसन यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. अपस्माराचे झटके थांबवण्यासाठी १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग मोठ्या प्रमाणात काढण्यात आला. झटके कमी झाले, पण त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांच्या मनात नवी आठवण टिकली नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर वर्षानुवर्षे त्यांना भेटत राहिल्या आणि प्रत्येक भेट त्यांच्यासाठी पहिलीच असे. तरीही मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला शिकवले, तेव्हा ते दिवसागणिक सरावत गेले, आणि आपण हे पूर्वी कधी केले आहे हे मात्र त्यांना प्रत्येक दिवशी अमान्य असे. हात शिकत होता आणि माणसाला त्याचा पत्ता नव्हता. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडले होते की स्मृतीची सलगता म्हणजेच ओळख. ते खरे मानले तर १९५३ नंतरचे मोलेसन कोणीच नव्हते असे म्हणावे लागेल. त्यांना ओळखणाऱ्यांना मात्र ते सौम्य, विनोदी आणि सभ्य असे एकच गृहस्थ दिसत होते.

मग ओळख स्वभावात असते का? इथे फिनिअस गेज यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. सप्टेंबर १८४८ मध्ये अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना सुमारे सहा किलो वजनाची लोखंडी पहार त्यांच्या गालातून शिरून कवटीबाहेर पडली आणि मेंदूच्या पुढच्या भागाची हानी झाली. ते वाचले, पण जबाबदार मुकादम जाऊन त्या जागी लहरी, शिवराळ माणूस आला, आणि गेज हे आता गेज राहिले नाहीत असे मित्र म्हणू लागले, अशी नोंद डॉ. जॉन हार्लो यांनी केली. पाठ्यपुस्तके साधारण इथेच थांबतात. गेज नंतर चिली देशात गेले आणि तिथे त्यांनी अनेक वर्षे घोडागाडी चालवण्याचे काम केले, जे काम बेजबाबदार माणसाला जमणारे नाही. म्हणजे तो बदल कायमचा आणि सर्वस्वी होता हे संशयास्पद आहे.

याहून विश्वासार्ह पुरावा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरून मिळतो. नीना स्ट्रोमिंजर आणि शॉन निकोल्स यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांच्या जवळच्या माणसांना, हा तोच माणूस वाटतो का, असे विचारले होते. अल्झायमरमध्ये स्मृती जाते, तरी तिथे बहुतेकांना आपला माणूस ओळखीचा वाटत होता. मेंदूच्या पुढच्या भागाला ग्रासणाऱ्या स्मृतिभ्रंशात, जिथे दया, प्रामाणिकपणा आणि भलेबुरे कळण्याची जाण ढासळते, तिथे ‘हे आता आमचे राहिले नाहीत’ ही भावना सर्वांत तीव्र होती. नाव-गाव विसरलेली आजी आजीच राहते, पण निष्ठुर झालेली आजी परकी होते, हे अनेक घरांनी अभ्यासाशिवायही अनुभवले आहे.

एका डोक्यात दोन ‘मी’ असू शकतात का?

मेंदूचे डावे आणि उजवे अर्धगोल सुमारे २० कोटी तंतूंच्या एका जाड पट्ट्याने जोडलेले असतात. असाध्य अपस्मारावर उपाय म्हणून हा पट्टा कापलेल्या रुग्णांचा अभ्यास रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझॅनिगा यांनी केला. स्पेरी यांना त्यासाठी १९८१ चे नोबेल मिळाले. एका प्रयोगात रुग्णाच्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पंजा दाखवला आणि उजव्याला बर्फाने झाकलेले घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारे चित्र निवडायला सांगितले. उजव्या हाताने कोंबडी निवडली आणि डाव्या हाताने फावडे. बोलण्याचे काम डाव्या अर्धगोलाकडे असते आणि त्याने बर्फ पाहिलेलाच नव्हता. फावडे का निवडले असे विचारताच रुग्णाने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की कोंबडीचे खुराडे साफ करायला फावडे लागते.

मला या क्षेत्रातला सर्वांत अस्वस्थ करणारा शोध हाच वाटतो. तो रुग्ण खोटे बोलत नव्हता. आपल्याच हाताने केलेल्या, पण आपल्याला ठाऊक नसलेल्या कृतीला त्याच्या मेंदूने तत्काळ कारण शोधून दिले होते आणि ते त्याला खरेच वाटत होते. मेंदू अखंड असलेले आपण सगळेही दिवसातून किती वेळा हेच करतो, असा संशय यानंतर आल्यावाचून राहत नाही.

न्यायदर्शनाने आत्मा सिद्ध करताना दिलेला एक प्रसिद्ध तर्क असा आहे की ‘जे मी पाहिले त्यालाच मी आता स्पर्श करतो आहे’ असे आपण म्हणतो; डोळा आणि त्वचा ही दोन वेगळी साधने आहेत, तेव्हा दोन्हींचे ज्ञान एकत्र आणणारा कोणी एक ज्ञाता असला पाहिजे. ते एकत्र आणणे अंशतः तरी या पट्ट्याचे काम आहे आणि पट्टा कापला की तेही कापले जाते, असे स्पेरींचे रुग्ण दाखवतात. मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. हेच रुग्ण घरी स्वयंपाक करत, गप्पा मारत आणि आपण दोन झालो आहोत अशी तक्रार कधी करत नसत. अ‍ॅमस्टरडॅममधील संशोधकांनी २०१७ मध्ये अशा दोन रुग्णांच्या चाचण्या करून दाखवले की दृष्टीच्या कोणत्याही बाजूला दिसलेली वस्तू ते कोणत्याही हाताने वा तोंडाने सांगू शकत होते. त्यामुळे दोन ‘मी’ की एकच, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे.

मेंदू हा नुसता रेडिओ असेल तर?

जाणकार श्रद्धाळू वाचक इथे एक चांगला आक्षेप घेतो. रेडिओ बिघडला की गाणे बिघडते, म्हणून गाणारा रेडिओच्या आत बसला आहे असे ठरत नाही. त्याचप्रमाणे मेंदू हे आत्म्याचे केवळ ग्रहणयंत्र असेल, तर मेंदूच्या इजेने व्यक्तिमत्त्व बिघडेल आणि आत्मा अबाधित राहील. याच वळणाचा युक्तिवाद अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९७ मध्ये हार्वर्ड येथील व्याख्यानात केला होता, तेव्हा तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे तर्कशास्त्र निर्दोष आहे: दोन गोष्टी नेहमी सोबत बदलतात एवढ्यावरून एक दुसरीच्या आत राहते असे सिद्ध होत नाही.

अडचण दुसरीकडे आहे. बिघडलेल्या रेडिओतून खरखर येते, आवाज लहानमोठा होतो, स्टेशन लागत नाही. परंतु बातम्या देणाऱ्याची मते बदलत नाहीत. मेंदूच्या इजेत आशयच बदलतो. विशिष्ट ठिकाणी इजा झाली की माणूस आपल्या आईचा चेहरा ओळखतो, पण ही आई नाही, तिचे सोंग घेतलेली कोणी तोतया आहे, असे ठामपणे सांगतो. दुसऱ्या ठिकाणी इजा झाली की भलेबुरे कळणे जाते. हे सगळे नुसत्या यंत्राचे दोष मानले, तर प्रेम, विवेक, आठवण आणि निर्णय यांतले एकही काम ‘प्रक्षेपण करणाऱ्या’ आत्म्याकडे शिल्लक राहत नाही. रेडिओचा सिद्धांत खोटा ठरतोच असे नाही, पण तो वाचवताना त्यातला गाणारा मुका होत जातो.

मग आत्मा नाही असे सिद्ध झाले का?

नाही, आणि ते का नाही हे समजून घेण्यासाठी कोणत्या आत्म्याबद्दल बोलतो आहोत हे आधी ठरवावे लागेल. ‘आत्मा कुठे राहतो’ यावर आपल्याच दर्शनांत एकमत नव्हते. न्याय-वैशेषिकांचा आत्मा सर्वव्यापी आहे, म्हणून त्याला राहण्याची जागा विचारणेच व्यर्थ. जैनांचा जीव ज्या देहात असेल त्या देहाएवढा होतो. रामानुज आणि मध्व यांचा जीव अणुरूप आहे. बौद्धांना कायमचा असा आत्मा मान्यच नाही, आणि चार्वाकांच्या मते चैतन्य हे चार महाभूतांच्या विशिष्ट संयोगातून उपजते व देहाबरोबर संपते. चार्वाकांवर जुना आक्षेप असा की प्रेतातही तीच महाभूते असतात, मग त्यात चैतन्य का नाही? आजचा मेंदूशास्त्रज्ञ सांगेल की द्रव्य तेच राहिले तरी त्याची रचना आणि चालू असलेली क्रिया मोडली. मेंदूमृत्यूत नेमके हेच घडते.

आता सांख्य आणि वेदान्त पाहू, कारण मराठी घरात आत्मा म्हटला की बहुधा हीच कल्पना मनात असते. सांख्यांच्या मांडणीत बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीची, म्हणजे जडाच्या बाजूची तत्त्वे आहेत; पुरुष, म्हणजे आत्मा, केवळ पाहतो. गीतेच्या तेराव्या अध्यायात अहंकार, बुद्धी, इच्छा, द्वेष, सुख, दुःख, इतकेच काय चेतना आणि धृतीही ‘क्षेत्रा’त, म्हणजे जाणणाऱ्याहून वेगळ्या अशा देहाच्या बाजूला, मोजल्या आहेत, आणि ज्ञानेश्वरीने त्यांचा सविस्तर ऊहापोह केला आहे. म्हणजे पहारीने किंवा शस्त्रक्रियेने जे जे बदलते असे विज्ञानाने दाखवले, ते ते या परंपरेने आधीच आत्म्याबाहेर काढून ठेवले होते. मेंदूविज्ञानाचे खरे भांडण होते ते देकार्त यांच्या विचार करणाऱ्या, आठवणाऱ्या, निर्णय घेणाऱ्या आत्म्याशी. सांख्यांच्या निर्गुण साक्षीला या प्रयोगांचा धक्का लागत नाही.

यावर आनंद मानण्याआधी त्याची किंमत पाहावी. असा साक्षी तुमचाही तसाच आणि माझाही तसाच. त्याला नाव नाही, आठवण नाही, नाती नाहीत. गेलेले वडील कुठेतरी आहेत आणि आपली आठवण काढत आहेत, या दिलाशाला तो साक्षी कामाचा नाही. त्यासाठी परंपरेने सूक्ष्मशरीर मानले: मन, इंद्रिये आणि संस्कार सोबत घेऊन एका देहातून दुसऱ्या देहात जाणारे. विज्ञानाशी खरी टक्कर आहे ती इथे. स्मृती आणि संस्कार मेंदूतील पेशींच्या जोडण्यांत साठतात व त्या जोडण्या तुटल्या की जातात असे सर्व पुरावे सांगत असतील, तर हिप्पोकॅम्पस गेल्यावर जिवंतपणी जे टिकत नाही ते संपूर्ण मेंदू गेल्यावर कसे टिकेल, याचे उत्तर सूक्ष्मशरीर मानणाऱ्याने द्यायला हवे.

विज्ञानाच्या बाजूनेही एक मोठी उधारी आहे. मेंदूत काय घडले की वेदना होते, हे सांगता येते. पण पेशींतल्या रासायनिक घडामोडींबरोबर दुखण्याचा अनुभव मुळात का यावा, हे सांगता येत नाही. मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कोख यांनी १९९८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी पैज लावली होती की २५ वर्षांत मेंदूतील जाणिवेची स्पष्ट खूण सापडेल. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी पैज हरल्याचे मान्य केले आणि वाइनच्या बाटल्या देऊन टाकल्या.

शरीराबाहेर गेल्याचे अनुभव काय सांगतात?

इथे निदान चाचणी करता येते. सुरुवात मात्र बरी झाली नाही. अमेरिकेतील डंकन मॅकडूगल यांनी १९०७ मध्ये मरणासन्न रुग्णांना वजनकाट्यावर ठेवून आत्म्याचे वजन २१ ग्रॅम असल्याचे जाहीर केले. त्यांचे रुग्ण फक्त सहा होते आणि हा आकडा त्यांतल्या एकाच रुग्णाचा होता, तरी तो आजही फॉरवर्ड होत असतो. २००२ मध्ये ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी जिनिव्हा येथे अपस्माराच्या एका रुग्णेच्या मेंदूच्या उजव्या बाजूला एका ठिकाणी सौम्य विद्युत्प्रवाह दिला, तेव्हा आपण वर तरंगत असून खाटेवरचे आपलेच शरीर पाहत आहोत असे तिने सांगितले. प्रवाह थांबला की अनुभव थांबे. म्हणजे असा अनुभव खराखुरा येतो, पण त्यासाठी शरीराबाहेर जावेच लागते असे नाही.

मात्र कोणी खरोखर वर जाऊन पाहत असेल, तर त्याला वरूनच दिसेल अशी वस्तू ठेवून हे तपासता येईल. सॅम पार्निया आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयांत उंचावर फळ्या लावून त्यांवर फक्त छताकडून दिसतील अशी चित्रे ठेवली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हृदय बंद पडण्याच्या २,०६० घटना नोंदल्या गेल्या आणि वाचलेल्यांपैकी १४० जणांच्या मुलाखती झाल्या. आपण त्या वेळी पाहत-ऐकत होतो असे दोघांनी तपशिलाने सांगितले, पण त्या दोघांची हृदये जिथे बंद पडली तिथे फळीच लावलेली नव्हती. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात, जो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, फळीवर अवलंबून न राहता रुग्णाजवळच टॅब्लेटवर चित्रे दाखवली गेली आणि कानात शब्द ऐकवले गेले. ५६७ रुग्णांपैकी ५३ वाचले आणि २८ जणांशी बोलता आले. ऐकवलेले शब्द एकाने ओळखले, चित्र कोणालाच ओळखता आले नाही.